मराठीतून डेटा सायन्सचा कोर्स काढताय? आधी कोथिंबिरीचा हिशेब मांडा

ऐरोलीच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. महापेच्या कंपनीत सात वर्षं डेटाचं काम केलंय, आता प्रत्यक्ष कामात उपयोगी पडेल असं डेटा सायन्स शिकवणारा ऑनलाइन कोर्स मराठीतून काढायचाय, शिकणाऱ्याने नुसतं बघत न बसता स्वतः करून पाहावं असा. बारा व्हिडिओ तयार आहेत. प्लॅटफॉर्म कुठला, फी किती आणि आणखी किती व्हिडिओ झाले की सुरुवात करू, असं विचारलंय. मी नौपाड्यात राहतो. नोकरी सांभाळून एका मित्राबरोबर गेली चार वर्षं असाच कोर्स शनिवार-रविवारी चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आणखी एकही व्हिडिओ करू नका. आम्हीही व्हिडिओपासूनच सुरुवात केली होती. पहिल्या तुकडीने ते मन लावून पाहिले, छान समजतंय असं कळवलं, आणि चौथ्या आठवड्यात कोरं नोटबुक (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायचं पान) समोर दिलं तेव्हा फाइल उघडण्यापुढे बहुतेकांचा हात चालेना. तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत शिकणाऱ्याने स्वतः एक ओळ लिहून चालवलेली असते. व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा, आणि तोही अडल्यावर बघायचा. तुमचे बारा व्हिडिओ वाया जाणार नाहीत, त्यांची जागा फक्त बदलेल.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवावा असं मनापासून वाटतं, ती सांगतो. सरावासाठी डेटा कुठला घ्यायचा?

बहुतेक कोर्स आयरिस फुलांच्या तक्त्याने सुरू होतात. फिशरने १९३६ साली वापरलेली ती १५० फुलं. नाहीतर टायटॅनिकचे प्रवासी. दोन्ही तक्ते चांगले आहेत, पण कळव्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या माणसाने आयरिसचं फूल कधी हातात घेतलेलं नसतं. पाकळीची लांबी ५ ऐवजी ५० सेंटिमीटर छापून आली तरी त्याला काही खटकत नाही. उत्तर बरोबर आहे की नाही हे तो शिक्षकालाच विचारणार. कामावर गेल्यावर तिथे शिक्षक नसतो. शिकणारा स्वतःहून ‘हे असं असूच शकत नाही’ म्हणेल, असाच डेटा द्यायला हवा.

आमच्या दुसऱ्या तुकडीत वाशीच्या बाजार समितीत एका गाळ्यावर हिशेब लिहिणारी एक मुलगी होती. राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि दर येतात, ते आम्ही सरावाला घेतले होते. रकाने साधेच असतात: शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. स्वाध्याय होता की राज्यभरात सर्वात जास्त आवक कुठल्या मालाची ते काढा. सगळ्यांनी शेतमालाप्रमाणे गट पाडले, आवकेची बेरीज केली. कोथिंबीर कांद्याच्याही वर निघाली. कोड बिनचूक चालला होता, कुठेही लाल अक्षर नव्हतं, आणि मी पुढच्या भागाकडे वळतच होतो. तेवढ्यात तिने माइक सुरू केला. म्हणाली, “सर, हे शक्य नाही. कांद्याच्या गाड्या मी रोज बघते. एवढी कोथिंबीर आली तर उतरवायची कुठे?”

मग आम्ही तिथेच हिशेब मांडला. कोथिंबिरीचा आकडा लाखाच्या पुढे होता. लाख क्विंटल म्हणजे एक कोटी किलो, म्हणजे दहा टनी हजार ट्रक. एका दिवसात, नुसती कोथिंबीर! तिनेच परिमाणाचा रकाना वाचून दाखवला. काही बाजारांत कोथिंबीर क्विंटलमध्ये होती आणि काहींत नगात. “जुड्या मोजल्यात हो त्यांनी,” ती म्हणाली. त्या संध्याकाळी पुढचा भाग झालाच नाही. तास संपला तेव्हा प्रत्येकाने परिमाणाप्रमाणे गट पाडून पुन्हा बेरीज केली होती. त्या तुकडीतला एक जण आजही कुठलाही तक्ता आला की आधी एककाचा रकाना शोधतो आणि मला तसं कळवतो.

असा डेटा आपल्याकडे भरपूर आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ दिसते, पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जुने-नवे तक्ते जोडले की जिल्ह्यातली सुमारे तीस लाख माणसं एकदम नाहीशी झाल्यासारखी वाटतात. ठाण्याच्या माणसाला ते लगेच खटकतं. फक्त एक पथ्य पाळा. ऑफिसचा डेटा, नावं बदलूनसुद्धा, कोर्समध्ये आणू नका. सोसायटीच्या देखभालीची वहीसुद्धा शेजाऱ्यांची नावं आणि फ्लॅट नंबर काढल्याशिवाय नको. आणि नोकरीच्या करारात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते आजच काढून वाचा.

दुसरं मोठं काम म्हणजे उत्तर तपासणारा कोड. ‘परस्परसंवादी’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण शिकणाऱ्याचा संवाद खरा होतो तो या तपासनिसाशी, रात्री साडेअकराला, आपण झोपलेले असताना. ज्युपिटर नोटबुकांसाठी एनबीग्रेडर नावाचं मोफत साधन आहे, त्याने तपासणीची यंत्रणा उभी राहते. त्यातले संदेश मात्र तुम्हालाच लिहावे लागतील आणि त्याला व्हिडिओपेक्षा जास्त वेळ लागेल. आमचा पहिला संदेश होता ‘उत्तर चुकले’. माणसं दोनदा प्रयत्न करून निघून जायची. आता कोथिंबिरीच्या स्वाध्यायात आधी येतं, ‘या उत्तरासाठी किती ट्रक लागतील?’ दुसऱ्या प्रयत्नाला, ‘परिमाण या रकान्यात किती वेगवेगळी मूल्यं आहेत ते छापून पाहा.’ उत्तर तिसऱ्या प्रयत्नानंतरही देत नाही, मदतीच्या तासाची वेळ देतो.

तपासनीस कधी कधी आपलंच चुकलेलं दाखवतो. पावसाच्या स्वाध्यायात मी लिहिलं होतं की चतुर्थकांच्या नियमाने, म्हणजे मधल्या निम्म्या आकड्यांपासून फार दूर पडलेली, टोकाची मूल्यं शोधून काढून टाका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नियमाप्रमाणे तो आकडा बाहेर फेकायचा होता. एका काकांनी तो ठेवला, तपासनिसाने उत्तर चूक ठरवलं. त्यांनी खाली मराठीत लिहिलं होतं, “त्या रात्री मी कुर्ल्याहून ठाण्याला चालत आलो आहे. हा आकडा मी पुसणार नाही.” मी त्यांना फोन करून माफी मागितली आणि स्वाध्याय बदलला. आता त्याच दिवशीचा कुलाब्याचा आकडाही शेजारी देतो, जेमतेम ७३ मिलिमीटर, आणि विचारतो की यातली टायपिंगची चूक कुठली आणि खरा पाऊस कुठला, ते कसं ठरवाल? याचं उत्तर कुठल्याही चॅटबॉटकडून नुसतं उतरवून चालत नाही, कारण आम्ही दोन ओळींत कारण मागतो आणि मदतीच्या तासाला त्यावर बोलतो.

भाषेबद्दल. कोडमधले शब्द इंग्रजीच राहू द्या, त्यांची भाषांतरं करत बसू नका. पण संख्याशास्त्राचे शब्द आपल्या शाळेच्या पुस्तकात आहेतच: मध्य, मध्यक, बहुलक. मीडियन म्हणजे दहावीतला मध्यक, असं म्हटलं की मराठी माध्यमातून आलेल्यांचे चेहरे खुलतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे आहेत, ते ऐकून तांत्रिक मराठी कानाला कसं लागतं याचा अंदाज घ्या.

देवनागरीमुळे काही अडचणी हमखास येतात, त्या पहिल्याच आठवड्यात शिकवून टाका. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फाँटमध्ये मराठी नावांच्या जागी चौकोन उमटतात. आम्ही देवनागरी फाँट घातला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसली आणि जोडाक्षरं फुटली. शेवटी प्लॉटली या दुसऱ्या आलेखांच्या साधनावर गेलो, कारण तिथे अक्षरं ब्राउझर मांडतो आणि तो ती नीट मांडतो. मराठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडली की चिन्हांचा काला दिसतो. साठवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की तो प्रश्न सुटतो. ‘आवक’ नावाचा रकाना समोर दिसत असूनही तक्ते हाताळणारं पांडाज तो नाही म्हणून की-एरर देतं, कारण नावापुढे एक न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असते. आणि तारखा! ०५/०८ म्हणजे आपल्याला पाच ऑगस्ट, पांडाज वाचतं आठ मे, तेही बिनबोभाट. ‘डे-फर्स्ट’, म्हणजे दिवस आधी, असं सांगायचं राहिलं तर अख्खा हंगाम हलतो. एक गोष्ट मात्र मुद्दाम दाखवा: देवनागरीत लिहिलेलं ‘१२५’ पायथन भाषेतल्या ‘इंट’ला (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) दिलं तर तो ते सरळ १२५ वाचतो. आपले आकडे यंत्राला कळतात हे बघून वर्गाला किती आनंद होतो, ते तुम्हीच बघा.

प्लॅटफॉर्मवर सुरुवातीला पैसे घालवू नका. गूगल कोलॅब, म्हणजे गूगलचं ब्राउझरमधलं नोटबुक, मोफत आहे आणि काही बसवावं लागत नाही, पहिल्या तुकडीला ते पुरतं. पुढे ज्युपिटरलाइट बघा. त्यात पायथन शिकणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच चालतो, तुमचा सर्व्हर लागत नाही, आणि एकदा पान उघडलं की मधेच नेट गेलं तरी कोड चालू राहतो. मोबाइलवर मात्र कोड लिहायला लावू नका. आमचे अर्धेअधिक लोक कल्याण-डोंबिवलीहून येणारे, जलद लोकलमध्ये उभे, आणि मधेच नेट जातं. त्यांच्यासाठी फोनवर आम्ही दोनच प्रकार ठेवलेत: दिलेल्या ओळींचं उत्तर काय येईल ते ओळखा, आणि उलटसुलट केलेल्या ओळी क्रमाने लावा. पान आधीच पूर्ण उतरलेलं असतं. टायपिंग रात्री घरी, लॅपटॉपवर.

फी ठेवा. फुकट तुकडीत लोक तिसऱ्या आठवड्यापासून यायचे थांबले, हा आमचा अनुभव आहे. किती ठेवायची ते तुमच्या मदतीच्या तासांवरून ठरवा, व्हिडिओंच्या संख्येवरून नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीचा प्रश्न सहसा येत नाही, तरी सीएला एकदा विचारून घ्या. सुरुवात गणपतीच्या तोंडावर करू नका. आम्ही ऑगस्टमध्ये केली आणि अर्धा वर्ग कोकणात गेला तो दिवाळीपर्यंत लयीत आलाच नाही. मार्चही टाळा, हिशेबनीस आणि बँकवाले तेव्हा मिळत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की सुरू करा.

जाहिरातीत नोकरीचं आश्वासन देऊ नका, हे कळकळीने सांगतो. आमच्याकडे एक मुलगा आला होता, दुसरीकडे कर्ज काढून फी भरलेला. सहा महिन्यांत मोठ्या पगाराची हमी त्याला मिळाली होती आणि हातात फक्त प्रमाणपत्र होतं. तक्त्यातली मोकळी जागा आणि शून्य यांतला फरक त्याला माहीत नव्हता. ‘आठ आठवड्यांनी तुमच्या कामाची एक फाइल तुम्ही स्वतः साफ करून तिचं उत्तर मांडू शकाल’ एवढं लिहा. ते तुम्ही पाळू शकाल.

आता या रविवारी काय करायचं ते सांगतो. डेटाशी संबंध नसलेलं घरातलं कुणीतरी एक माणूस बसवा, पहिला स्वाध्याय द्या आणि तासभर शेजारी गप्प बसा. माझी वहिनी कळव्याच्या शाळेत शिकवते, तिला मी असं बसवलं होतं. ती चौथ्या मिनिटाला अडली. वर्डमधून चिकटवलेली अवतरणचिन्हं वाकडी होती, पायथनला सरळ लागतात, आणि माझ्या सूचनांच्या फाइलमध्येच ती वाकडी होती. मला सांगायची फार इच्छा झाली, तरी नाही सांगितलं. अकरा मिनिटं ती त्या ओळीकडे बघत होती. त्या तासात मी दोन पानं टिपणं काढली आणि त्यावरून पहिला आठवडा पूर्ण नव्याने लिहिला.

तुमचं माणूस कितव्या मिनिटाला आणि कुठल्या ओळीवर अडलं ते इथेच खाली लिहा. कोथिंबिरीचा तक्ता, तपासनिसाच्या संदेशांसकट, मी तुम्हाला पाठवतो. त्यातल्या तारखा तेवढ्या ताज्या करून घ्या.