कॉलेजचं संशोधन त्रैमासिक वेबसाइटवर मोफत आहे, मग जतनासाठी वेगळं काही करावं लागतं का?

सांगलीतल्या तुमच्या कॉलेजचे सगळे अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात, हे उत्तमच. पण जतनाचं काम वेगळंच आहे, आणि ते आजच हाती घ्या. डोमेनचे पैसे भरायचे एकदा राहिले की अंक गायब.

2019 च्या महापुरात भिजलेले आमचे जुने अंक मी गच्चीवर वाळत घातले होते. पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. तेव्हापासून एकाच जागी एकच प्रत म्हटलं की मला धडकी भरते. स्टॅनफर्डमध्ये 1999 साली सुरू झालेली लॉक्स ही व्यवस्था नेमकी यावरच उभी आहे: वेगवेगळ्या ग्रंथालयांत प्रती ठेवायच्या, त्या आपापसांत ताडून बघायच्या आणि बिघडलेली प्रत चांगलीवरून दुरुस्त करायची. तुमचं नियतकालिक ओपन जर्नल सिस्टिम्सवर, म्हणजे नियतकालिकं ऑनलाइन चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर असेल आणि त्याला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक असेल, तर ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पीकेपी या संस्थेच्या, लॉक्सवरच चालणाऱ्या जतन नेटवर्कमध्ये मोफत जाता येतं. त्या सॉफ्टवेअरमधलं त्यासाठीचं प्लगइन, म्हणजे जोड-सुविधा, चालू करून अटी मान्य करायच्या.

त्याआधी एक करा. जुन्या अंकाच्या पीडीएफमधला ‘कृष्णा’ शब्द कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. इंग्रजी अक्षरांचा काला आला, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षरं ओळखता येतील अशा प्रमाण संकेतांत नाही. असा लेख टिकला तरी शोधून सापडणार नाही. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ स्वरूपात ठेवा, त्यात फॉन्ट फाइलमध्येच राहतात. आणि लेखकांच्या संमतीने प्रत्येक लेखावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे प्रत करून वाटायची आधीच दिलेली खुली परवानगी, छापा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाला प्रत ठेवताना परवानगीसाठी लेखकाला शोधत बसावं लागणार नाही.