चाळीस बिटांत चपलेची ओळख

प्रश्न : कोल्हापुरी चपलांच्या छायाचित्रांवरून त्यांचे प्रकार संगणकाने ओळखावेत, असा माझा प्रयत्न आहे. चित्रातील प्रत्येक ठिपका ० किंवा १ करून मी तुलना करतो. पण चप्पल जराशी सरकली तरी जुळणी बिघडते. मेंदूच्या धर्तीवर २०४८ बिटांपैकी (० किंवा १ असणाऱ्या जागांपैकी) केवळ ४० चालू, म्हणजे १, ठेवणारी ‘विरळ वितरित’ पद्धत वाचनात आली. एवढ्या थोड्या बिटांत माहिती हरवणार नाही का?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : हरवणार नाही, कारण कोणते ४० बिट चालू आहेत, या निवडीतच माहिती असते आणि अशा निवडी १ वर ८४ शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही अधिक आहेत. दोन निवडी निव्वळ यदृच्छेने केल्या, तर त्यांच्यात सरासरी एकाहून कमी बिट सामाईक येतो (हिशेब ४० × ४० ÷ २०४८, म्हणजे सुमारे ०.७८). म्हणूनच सावलीमुळे १० बिट चुकले, तरी उरलेले ३० ओळख पटवायला पुरेसे ठरतात.

तथापि आपली खरी अडचण याच्या आधीची आहे. ठिपक्यांवरून थेट ४० बिट निवडले, तर सरकलेल्या चपलेची निवडही बदलेल. विरळपणा तेवढ्याने कामी येत नाही. मेंदू इथे काय करतो, हे ह्युबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले : दृष्टिपटलाकडून आलेले संकेत घेणाऱ्या मेंदूच्या भागातील अनेक पेशी विशिष्ट कल (तिरपेपणा) असलेल्या रेषेलाच प्रतिसाद देतात आणि त्यांतील काही पेशींना ती रेषा किंचित सरकली तरी चालते. पुढे १९९६ मध्ये ओल्सहाउसेन आणि फील्ड या संशोधकांनी निसर्गचित्रांचे तुकडे शक्य तितक्या कमी घटकांत मांडायला संगणकाला लावले, तेव्हा अशाच कललेल्या रेषा आपोआप निघाल्या. मला या विषयातला हा सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो.

तेव्हा चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येकातील कडांचा कल मोजावा. वेणीची तिरकी वीण आणि चपलेच्या बाजूच्या कानाची गोलाई यांचे कल निराळे येतील. शेजारच्या चौकोनांतील समान कल एकत्र धरावेत आणि मग या मोजमापांच्या निरनिराळ्या गटांना जोडलेल्या २०४८ बिटांपैकी सर्वाधिक प्रतिसाद देणारे ४० चालू ठेवावेत. त्यानंतर एकाच चपलेच्या दोन छायाचित्रांतील सामाईक बिट मोजून ते दोन भिन्न प्रकारांतील सामाईक बिटांशी ताडून पाहावेत. भिन्न प्रकारांतही ते पुष्कळ आढळले, तर बिट चपलेऐवजी तिच्यामागची फरशी टिपत आहेत, असे समजून आधी पार्श्वभूमी कापावी.