दुरुस्तीची पेटी : फ्यूज बदलण्याआधी तो गेला काहून ते बघा

पहिल्या वादळी पावसानंतर दरवर्षी जे होतं तेच यंदाही झालं, पेटीत निम्मी पत्रं जळालेल्या टीव्हीची. प्रत्येकाला वेगळं उत्तर जमणार नाही म्हणून त्यातलं एक घेतलंय, बाकीच्यांनी त्यातच आपलं बघून घ्या.

प्रश्न : भाऊ, मागच्या हप्त्यात वारं सुटलं अन् डीपीवर कायतरी झालं, घरातले बल्ब एकदम लख्ख झाले अन् गेले. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, दोन बल्ब, सगळं एकाच टायमाले गेलं. गावातला पोरगा पाहून गेला, फ्यूज उडाला म्हणे, त्यानं फ्यूजच्या जागी तार टाकली तं फाटकन आवाज आला. आता म्हणते पुरं बोर्ड गेलं, नवीन टाका. खरंच गेलं काय? – एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : दादा, आधी ती तार काढा. फ्यूज उगाच उडत नसतो, पुढे कुठंतरी शॉर्ट आहे म्हणून उडतो, आणि तुम्ही तार टाकली म्हणजे त्या शॉर्टला मोकळं रान दिलं, तो फाटकन आवाज बहुतेक बोर्डावरचा एखादा ट्रॅक (तांब्याची पट्टी) उडाल्याचा असेल.

तुमच्याकडे जे झालं ते वीज पडल्यामुळं नाही, न्यूट्रल तुटल्यामुळं झालेलं दिसतंय. घरात फेज-न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट येतात, पण डीपीवरचा न्यूट्रल सुटला की एका फेजवरची घरं आणि दुसऱ्या फेजवरची घरं एकामागं एक सिरीजमध्ये लागतात आणि दोघांना मिळून ४०० व्होल्ट वाटून घ्यावे लागतात. वाटणी सरळ नसते. ज्या बाजूला कूलर, मोटर असा लोड जास्त, तिथं व्होल्टेज पडतो, आणि ज्या बाजूला नुसते टीव्ही आणि दोन-चार बल्ब तिथं तो साडेतीनशेच्याही वर चढू शकतो. म्हणून बल्ब आधी लख्ख झाले.

आता बोर्ड. टीव्हीच्या सप्लाय बोर्डावर फ्यूजच्या लगेच पुढे एक निळी गोल चकती असते, त्याला एमओव्ही म्हणतात, वर १०डी४७१ किंवा १४डी४७१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिचं कामच हे, की व्होल्टेज हद्दीबाहेर गेला की स्वतः शॉर्ट व्हायचं, फ्यूज उडवायचा आणि मागचं सगळं वाचवायचं. तुमची चकती तडकलेली किंवा काळी झालेली असेल तर निम्मी आशा आहे असं समजा.

पण हात लावण्याआधी एक गोष्ट. बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही राहू शकतो. मेकॅनिक लोक पेचकस लावून ठिणगी काढतात, ते करू नका, होल्डरमधल्या साध्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या दोन पायांना लावा, आणि मग मल्टिमीटर लावून खरंच उतरला का ते बघा.

मग एमओव्हीचा एक पाय सोडवायचा आणि मीटर डायोडवर ठेवून ब्रिजचे (एसीचा डीसी करणारे) चारही डायोड बघायचे, एका बाजूनं साधारण ०.५ दाखवायला पाहिजे आणि उलट्या बाजूनं काहीच नाही. दोन्हीकडून शून्य दाखवलं की तो शॉर्ट. नंतर मोठा कपॅसिटर. तो ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो, आणि पुरे ४०० एसी आले तर आत साडेपाचशेच्या वर डीसी तयार होतो, मग तो फुगतो नाहीतर डोकं फाडून पाणी सोडतो. शेवटी हीटसिंकवरचा मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा पार्ट, त्याचे ड्रेन-सोर्स हे दोन पाय शॉर्ट आहेत का तेवढं बघा. मॉस्फेट गेला असेल तर सोर्सखालचा अर्ध्या ओहमच्या आतबाहेरचा रेझिस्टन्स आणि पलीकडचा, मॉस्फेटला चालवणारा आयसीही सोबत जातो बहुतेक, एकटा मॉस्फेट बदलून चालू केलं की तो परत उडतो आणि मग म्हणतात पार्ट डुप्लिकेट आला.

सगळं बदललं तरी थेट लाईटवर लावायचं नाही. सिरीज बोर्डवर (यात टीव्हीला जाणारी लाईट एका बल्बमधून जाते) ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून चालू करा (एलईडी बल्ब इथं चालत नाही). बल्ब एकदा चमकून मंद झाला म्हणजे ठीक, पेटलेलाच राहिला म्हणजे अजून शॉर्ट आहे, आणि बघा, या वेळी काहीच जळालं नाही. लय मेकॅनिक एमओव्ही काढून टाकतात आणि परत लावतच नाहीत, कारण टीव्ही तिच्याशिवाय चालतो. तुम्ही उभं राहून लावून घ्या, आणि फ्यूजही बोर्डावर छापलेल्या अँपिअरचाच.

सेटटॉप बॉक्सचं लगेच वाईट वाटून घेऊ नका. तिथं मार बहुतेक अ‍ॅडॉप्टर खातो. त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा.

प्रश्न : एलईडी बल्बमध्ये एका एलईडीवर काळा ठिपका येते, ती शॉर्ट केली की बल्ब लागते. हे बरोबर हाय का? – वाचक, पुसद

उत्तर : लागतो, काही दिवस. माळेतली एक कमी झाली की तिच्या वाट्याचं व्होल्टेज बाकीच्यांवर नाहीतर ड्रायव्हरवर येतं, त्यामुळं बल्ब आणखी गरम होतो आणि दुसरी एलईडी जाते. गोठ्यातला बल्ब असेल तर करा बापा. पण पांढरी टोपी काढून तसाच लावू नका, आतली एलईडीची प्लेट सरळ लाईटला जोडलेली असते, बोट लागलं की करंट बसतो.

प्रश्न : कुंपणाच्या तारेला सोलरवरची झटका मशीन आहे, टिक-टिक आवाज बरोबर येऊन राहिला पण डुकरं तार ओलांडून बिनधास्त तुरीत शिरून राहिली. बोर्ड खोलून दिलं तर दुकानदार म्हणते चांगलं आहे. दुरुस्त होईपर्यंत काही लोक तारेत डायरेक्ट लाईट सोडा म्हणतात. काय करू? – शेतकरी, चिमूर भाग

उत्तर : शेवटच्या गोष्टीचं उत्तर आधी. नाही. मशीनचा झटका हजारो व्होल्टचा असला तरी सेकंदाला एकदा आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ येतो, म्हणून जनावर दचकून मागं फिरतं आणि जिवंत राहतं. २३० व्होल्टची लाईट सोडतच नाही, धरून ठेवते. आपल्याकडे अशा तारांनी वाघ मेलेत, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेली माणसंही मेलीत, तार टाकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो तो वेगळा. ज्यानं हा सल्ला दिला त्याच्याकडून दुसरा कोणताही सल्ला घेऊ नका.

आता मशीन. दुकानदार बरोबर असेल. टिक-टिक येते म्हणजे आतला कपॅसिटर भरून राहिला आहे आणि एससीआर (आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याला ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करून राहिला आहे, बोर्डाचं काम एवढंच. कुंपणाची तार आणि अर्थ दोन्ही सोडवा आणि नुसत्या मशीनवर फेन्स टेस्टर लावा. आपला साधा मल्टिमीटर लावला तर मीटर जाईल, हे सांगूनही लोक लावतात. नुसत्या मशीनवर टेस्टर पूर्ण दाखवतो आणि तार जोडली की पडतो, तर दोष शेतात आहे.

आणि शेतात नव्वद टक्के भानगड अर्थची असते असं माझं मत. डुकराच्या अंगातून करंट जमिनीत जातो आणि जमिनीतून अर्थच्या सळईमार्गे मशीनकडे परत येतो, तेव्हा झटका पूर्ण होतो. आपली काळी माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा देते, सळईभोवती जागा मोकळी पडते, ती सळई नुसती उभी असते, जमिनीला लागतच नाही. एकाऐवजी तीन सळया खोल ठोका, दोघींच्या मध्ये सळईच्या लांबीएवढं तरी अंतर सोडून एकमेकींना जोडा, भेगा बुजवा, पाणी टाका. पाऊस लागला की उलटं होतं, गवत वाढून खालच्या तारेला लागतं आणि झटका गवतातूनच उतरून जातो. फुटलेले इन्सुलेटर रात्री अंधारात जाऊन बघा, जिथून उतरतो तिथं बारीक ठिणगी दिसते आणि चट-चट ऐकू येते.

हे सगळं करूनही नुसत्या मशीनवरच टेस्टर कमी दाखवत असेल तर मात्र बॅटरी लोडवर किती राहते ते बघा, मग साठवणीचा कपॅसिटर मीटरवर मोजून घ्या.

प्रश्न : दादा, मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला आहे. जुन्या बोर्डावरून पार्ट काढताना तांब्याचा ट्रॅकच उचलून येतो. सर म्हणतात हात हलका ठेव. हलकाच ठेवते तरी येतो. – विद्यार्थिनी, वरोरा

उत्तर : बाई, हात हलकाच आहे तुझा, सोल्डर वितळत नसेल. २००६ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते २१७ डिग्रीच्या पुढं वितळतं, आणि आपलं दुकानातलं साठ-चाळीस (साठ भाग कथिल, चाळीस भाग शिसं) १८३ ते १९० च्या मध्ये. तू २५ वॅटचं साधं आयर्न ठेवतेस, ते पुरत नाही, मग तू जास्त वेळ ठेवतेस, तेवढ्यात तांब्याखालचा गोंद सुटतो आणि पार्ट ओढला की ट्रॅक सोबत येतो. यावर उपाय उलटा वाटेल असा आहे, काढायचं आहे तिथं आधी नवीन साठ-चाळीस सोल्डर भर. जुन्यात मिसळलं की एकूण लवकर वितळतं, मग विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) किंवा पंपानं ओढून घे. पार्ट स्वतःहून हलला पाहिजे, ओढायचा नाही.

पेस्ट कोणती वापरतेस तेही बघ. पत्र्याच्या डब्यांना डाग द्यायची अ‍ॅसिडवाली पेस्ट बोर्डाला लावली तर आज सोल्डर छान बसतं आणि पावसाळ्यात पाय हिरवे पडून तुटतात. राळेचा फ्लक्स घे आणि काम झालं की आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) ब्रश मारून पुसून टाक. उचललेला ट्रॅक काही वाया गेला नाही, पुढचा हिरवा थर ब्लेडनं खरवड, तांबं दिसलं की बारीक तार टाकून जोड.

प्रश्न : रिमोटवाला कूलर आहे. पंखा लावला की आतून टक-टक-टक आवाज येते, पंखा सुरू-बंद होते, डिस्प्ले मंद होते. मोटर बदलून झाली. – एक गृहिणी, मूर्तिजापूर

उत्तर : ताई, मोटरचा काही दोष नव्हता. अशा बोर्डावर ट्रान्सफॉर्मर नसतो, एक चौकोनी डबीसारखा कपॅसिटर लाईट कमी करून बोर्डाला देतो. वर १०५ किंवा ४७४ आणि २७५ व्होल्ट एक्स२ असं लिहिलेलं असतं, १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड, ४७४ म्हणजे ०.४७, आणि एक्स२ म्हणजे सरळ लाईटवर लावायच्या जातीचा. लाईटचे झटके खाऊन खाऊन त्याच्या आतला धातूचा पातळ थर जागोजागी उडत जातो आणि तो दिसायला धडधाकट राहून आतून निम्मा होतो. मग रिले (पंखा चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) ओढला की व्होल्टेज पडतो, पडला की रिले सुटतो, सुटला की व्होल्टेज परत चढतो, तीच तुमची टक-टक. मीटरवर १ च्या जागी ०.६ वगैरे दाखवलं की बदला. तेवढ्याच आकड्याचा आणि एक्स२ लिहिलेलाच घ्या, ४०० व्होल्टचा साधा डीसीवाला दिला तर परत करा, तो शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. आणि हा पूर्ण बोर्ड लाईटला सरळ जोडलेला असतो, तेव्हा प्लग काढल्याशिवाय कोणीही आत बोट घालायचं नाही, खाली पाणी साचलेलं असतंच.

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बोर्डवर पाल चिकटून मेली, साफ केलं, फ्यूज बदलला, तरी लाईट आली की परत फ्यूज उडते. – किराणा दुकानदार, आर्वी

उत्तर : प्लग आणि बॅटरीची वायर दोन्ही सोडवा आणि पाल जिथं होती ती जागा भिंगातून बघा. पाल जळताना दोन ट्रॅकच्या मध्ये बोर्डाचं फायबरही जळतं आणि काळी रेघ राहते. ती पुसून जात नाही कारण ती घाण नाही, कोळसा आहे, आणि कोळशातून करंट जातो. ब्लेडनं पांढरं फायबर दिसेपर्यंत खरवडा, खोल गेलं असेल तर तेवढा तुकडा बारीक ड्रिलनं उडवून ट्रॅक वरून तारेनं जोडा, मग सिरीज बल्बवर लावून बघा. हवेच्या जाळीला आतून डासाची जाळी चिकटवा, भोकं मात्र बुजवू नका.