संगणक खोलीची किल्ली हाती घेतलेल्या शिक्षिकेस

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बी.एस्सी.ला संगणकशास्त्र, मग बी.एड. आणि आता महापालिकेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून नेमणूक, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझ्या बरोबरीची बहुतेक मुले हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली आणि तिथेच स्थिरावली. तू मात्र सोलापूरच्याच पूर्व भागातल्या शाळेत रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी संगणक खोलीची किल्ली तुझ्या हाती देऊन सहावी ते आठवीच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायला सांगितले. सोबत पाठवलेली तुझी योजना मी दोनदा वाचली. आधी चॅटबॉट पडद्यावर दाखवायचा, नंतर मुलांकडून त्याला प्रश्न विचारून घ्यायचे आणि महिनाअखेरीस पालकांसमोर प्रात्यक्षिक करायचे, असा तिचा क्रम आहे. हा क्रम मला उलटा वाटतो. का वाटतो ते नीट सांगायचे असल्यामुळे पत्र थोडे लांबेल.

पहिल्यांदा त्या खोलीविषयी. मी नोकरीत असताना एका शाळेत दहा संगणक आले होते. ते शिकवायला कराराने नेमलेला एक निदेशक होता, मुले आनंदाने जात होती. करार संपला, निदेशक गेला आणि खोलीला कुलूप लागले ते मी निवृत्त होईपर्यंत निघाले नाही. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या यादीत, चढलेले होते आणि वापरताना एखादा बिघडला तर वसुली आपल्या पगारातून होईल, अशी प्रत्येकाला भीती होती. न वापरलेला संगणक कागदावर सुरक्षित राहतो. ही भीती तुझ्याही शाळेत असेल, कोणी उघड बोलले नाही तरी असेल. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला मुख्याध्यापकांना विनंती कर. शिकवताना झालेल्या झिजेची आणि बिघाडाची जबाबदारी एकट्या शिक्षकावर राहणार नाही, असा ठराव लिहून होऊ दे. जे संगणक दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहेत त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून रीतसर वगळण्याचा, प्रस्तावही त्याच बैठकीत ठेव. निर्लेखन झाल्यावर परवानगी घेऊन त्यातला एखादा मुलांसमोर उघड. कोणता भाग वीज घेतो, कोणता माहिती साठवतो, पंखा कशासाठी असतो, हे मुलांनी बोट लावून पाहिले की यंत्राचा धाक निम्मा उतरतो.

साधने कमी आहेत अशी तुझी तक्रार आहे आणि ती खरी आहे. यूडायस प्लस या देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी व्यवस्थेच्या २०२३-२४ च्या अहवालात देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट असल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी हे आकडे वाढले. दुसरीकडे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार यांचा अभ्यासक्रमात समावेश होईल. म्हणजे विषय यंत्राआधी शाळेत पोहोचणार. तुझ्यापाशी जे आहे त्यावर सुरुवात करता येते, आणि पूर्व भागात जे आहे ते फार थोड्या शहरांपाशी असेल.

तुझ्या वर्गातल्या किती मुलांचे आईवडील किंवा आजोबा यंत्रमागावर काम करतात, हे पहिल्याच दिवशी विचार. मग ज्याच्या घरी जेकार्डचे जुने पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, असतील त्याला ते आणायला सांग. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा फूल ज्या मागावर उठते, त्याची मूळ युक्ती जोसेफ मारी जेकार्ड याने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केली. एक पत्ता म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ. पत्त्यावर जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उठतो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. शेकडो पत्ते दोरीने ओवून त्यांची माळ केली की नक्षी तयार होते. माग तोच राहतो, पत्ते बदलले की चादर बदलते. यंत्र एक आणि त्याला दिलेल्या सूचना वेगळ्या, ही संगणकाची मूळ कल्पना आहे. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी जेकार्डचेच पत्ते घेतले आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेल्या कार्डांवरूनच मोजणी केली. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यापासून पत्त्यांची जागा संगणकातल्या फाइलने घेतली आहे, आणि तेही मुलांना सांग, कारण त्यांच्यापैकी कोणाचा तरी काका ती फाइल बनवत असेल.

यावर निदान सहा तास घालव. चौकटीच्या वहीत आठ बाय आठचा चौकोन आखून प्रत्येकाने त्यात एक छोटी नक्षी भरायची. मग दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. एकाने ओळ वाचायची, भोक, कोरे, कोरे, भोक, आणि दुसऱ्याने न पाहता भरायचे. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांची नक्षी चुकते. चूक सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, कोणत्या ओळीपासून सुरू झाली, हे शोधायला त्यांना भरपूर वेळ दे, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याचा बराचसा दिवस नेमका याच कामात जातो. काही मुले दोनतीन दिवसांत स्वतःच "पाच भोके, तीन कोरे" असे मोजून सांगू लागतात. तेव्हा माहिती थोडक्यात कशी साठवायची याचा धडा त्यांनी आपणहून शोधलेला असतो आणि तुझे काम फक्त त्या युक्तीला नाव देण्याचे राहते. काठावरची वेल पुन्हापुन्हा येते, तिच्यावरून आवर्तन शिकव. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो, त्यावरून जर-तर शिकव. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे असे अनेक खेळ १९९० च्या दशकापासून तयार केले आहेत आणि ते जगभर वापरले जातात. त्यांतलेही घे. पण चादरीपासून सुरुवात केलीस तर ज्या मुलाचा बाप मागावर उभा राहतो त्याला पहिल्यांदाच असे वाटेल की घरातले काम आणि शाळेतला विषय यांचा संबंध आहे. हे मी तीस वर्षे गणित शिकवून फार उशिरा ओळखले.

यानंतर संगणक सुरू कर आणि मग कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळ. तिथेही चॅटबॉटच्या आधी मुलांनी एखादे छोटे यंत्र स्वतः शिकवले पाहिजे. गेल्या वर्षी सांगोला तालुक्यातल्या एका शाळेत काही दिवस मदतीला गेलो होतो, तेव्हाचा अनुभव सांगतो. टीचेबल मशीन हे गूगलचे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालते, साध्या वेबकॅमवर भागते आणि त्यातले शिकणे त्याच संगणकावर होते. सातवीच्या मुलांनी निरोगी डाळिंब आणि तेल्या रोग पडलेले डाळिंब ओळखणारे यंत्र बनवायचे ठरवले. दोन्ही प्रकारची शंभर-शंभर छायाचित्रे दिली आणि यंत्राने त्यातली जवळपास सगळी बरोबर ओळखली. वर्ग आनंदाने ओरडत असताना एका मुलीने तेल्या पडलेले फळ पांढऱ्या ताटलीत ठेवून दाखवले. यंत्राने निरोगी म्हटले, आणि तेही ९९ टक्के खात्रीने. सगळे गप्प झाले. अर्ध्या तासाच्या वादानंतर मुलांनी कारण शोधून काढले. निरोगी फळांची छायाचित्रे सर्वांनी घरी ताटलीत ठेवून काढली होती आणि रोगट फळांची बागेत, झाडावर. यंत्र डाळिंब शिकलेच नव्हते, ते ताटली शिकले होते. मग कोणीतरी त्याच्यासमोर कांदा धरला. त्यालाही यंत्राने दोनपैकी एक नाव ठामपणे दिले, कारण तिसरे उत्तर त्याला कोणी दिलेच नव्हते.

मला तुला जे सांगायचे आहे ते सगळे या तासात आहे. यंत्र उदाहरणांवरून शिकते, ती उदाहरणे कोणीतरी निवडलेली असतात आणि त्याची खात्री म्हणजे त्याचे ज्ञान नव्हे. हे ज्या मुलीने ताटली ठेवून सिद्ध केले तिला उद्या कोणताही चॅटबॉट सफाईदार मराठीत काहीही सांगो, ती आधी पडताळेल. उलट ज्या मुलाने पहिल्याच दिवशी मोठ्या पडद्यावर झरझर उमटणारी उत्तरे पाहिली, त्याला पुढे शंका घ्यायला शिकवणे अवघड जाते. असर या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केलेली मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. ही पाहणी ग्रामीण असली तरी शहरातले चित्र वेगळे असेल असे मला वाटत नाही. वापरणे मुलांना येतेच, ते शिकवण्यात तास घालवू नकोस.

चॅटबॉट दुसऱ्या सत्रात आण आणि तो तुझ्या खात्यावरून, तुझ्या देखरेखीखाली चालव. मुलांना खाती उघडायला लावू नकोस. त्यांची नावे, चेहरे, हजेरी कोणत्याही साधनात टाकू नकोस. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे, आणि कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितले असते. चॅटबॉटला प्रश्न असे विचार की ज्यांची उत्तरे मुलांना चालत जाऊन तपासता येतील. सिद्धेश्वर तलावाविषयी, जुन्या मिलविषयी, आपल्याच गल्लीतल्या मागांविषयी. उत्तर वहीच्या डाव्या पानावर उतरवायचे आणि आजोबांना, शेजाऱ्याला, ग्रंथालयात विचारून उजव्या पानावर दुरुस्त करायचे.

भाषेचा प्रश्न तू पत्रात ओझरता लिहिलास, पण तुझ्या शाळेत तो मोठा आहे. तुझी मुले घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू, आणि तू मराठीतून शिकवणार असलेल्या विषयाचे शब्द इंग्रजी आहेत. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, हेही छापून आले. मला त्यांच्या कामातला अधिक महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून ते कन्नड शिकले आणि पाठ त्या भाषेत नेले. तू निदान शंभर तेलुगू शब्द शीक. मुलांना एकमेकांत तेलुगूतून वाद घालू दे, शेवटी निष्कर्ष मराठीत लिहून घे.

मुलींविषयी एकच सूचना आहे. एका संगणकावर तिघे बसले की माऊस मुलाच्या हाती जातो आणि मुलगी वहीत लिहून घेते. दर दहा मिनिटांनी जागा बदलायला लाव आणि त्यात सवलत देऊ नकोस.

आता सर्वांत अवघड भाग. तू "संगणकवाल्या मॅडम" होऊ नकोस. तुझी बदली झाली, तू रजेवर गेलीस किंवा निवडणुकीच्या कामावर गेलीस की खोली पुन्हा बंद होईल, हे मी माझ्या शाळेत पाहिले आहे. केरळने २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल हा उपक्रम सुरू केला तेव्हापासून भर ठेवला तो शाळेतल्याच नेहमीच्या शिक्षकांना तयार करण्यावर, आणि पुढे खुल्या सॉफ्टवेअरवरही. म्हणूनच २०२४ मध्ये सातवीच्या पुस्तकात कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाठ घालणे त्यांना जमले. आपल्याकडे तसा मोठा आधार येईल तेव्हा येईल. तू तुझ्या शाळेतल्या दोघांना सोबत घे. त्यातला एक भाषेचा शिक्षक असू दे, कारण अचूक सूचना लिहिणे हे भाषेचेच काम आहे. त्यांना आधी चादरीचा खेळ खेळायला लाव. वयाने मोठ्या सहकाऱ्यांना मुलांसमोर माऊस हाताळायचा संकोच असतो, तेव्हा शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यांच्यासाठी राख.

पालकांचे प्रात्यक्षिक रद्द करू नकोस, फक्त डिसेंबरपर्यंत पुढे ढकल. त्या दिवशी मुलांनी आपले यंत्र कुठे चुकते ते पालकांना दाखवावे.

एका पालकाने खूप वर्षांपूर्वी दिलेली जेकार्डच्या पत्त्यांची जवळपास चाळीस पत्त्यांची माळ माझ्याकडे आहे. दोन पत्ते फाटले आहेत, बाकी चांगले आहेत. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. कोणती नक्षी आहे ते मी अजून ताडून पाहिलेले नाही, तुझ्या सातवीच्या वर्गाने ती चौकटीच्या वहीत उतरवली की मला कळव.

तुझे सर