आइसलँडला जरूर जा, पण कारखान्याची एफडी मोडून नको

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४६, घरी पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत. फोटोग्राफीचं वेड कॉलेजपासूनचं. आता त्यांना आइसलँडच्या मधल्या डोंगराळ भागात, मोठ्या चाकांच्या सुपर जीपमधून, स्वतःपुरती खासगी फोटो टूर करायची आहे. सहा दिवसांच्या जीपचं, फोटोग्राफर असलेल्या चालक-गाइडचं आणि मुक्कामाचं कोटेशन ११,५०० युरोंचं आहे. विमान, व्हिसा, विमा, रेक्याविकमधला मुक्काम धरून हिशेब चौदा लाखांवर जातो. त्यासाठी सहा लाखांची एफडी मोडायची आणि आठ लाखांचं पर्सनल लोन काढायचं, असा त्यांचा विचार आहे. 'येत्या जुलैत जाऊन येतो, आयुष्यात एकदाच जायचं आहे, चूक तर करत नाही ना?' असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार. जायला हरकत नाही, जावंच असं माझं मत आहे. पण येत्या जुलैत नको, एकट्याने नको, आणि या पैशातून तर अजिबात नको.

आधी ती सहा लाखांची एफडी बघू. तुमच्या एकूण सोळा लाखांच्या ठेवीतले दहा लाख लेकीच्या शिक्षणाचे, त्याला हात लावणार नाही असं तुम्ही लिहिलंय. ते उत्तमच. उरलेल्या सहा लाखांना तुम्ही 'पडून असलेले' म्हणालात, तिथे मी अडलो. नऊ कामगारांचा पगार महिन्याला एक लाख साठ हजार आणि व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या धातूकामाच्या) मशीनचा हप्ता बासष्ट हजार, हे आकडे तुमच्याच पत्रातले आहेत. म्हणजे काम बंद असलं तरी महिन्याला दोन लाख बावीस हजार जाणारच. सहा लाख म्हणजे पावणेतीन महिन्यांचीसुद्धा बेगमी नाही. फाउंड्रीवाल्यांकडून पेमेंट कायद्याने ४५ दिवसांत यायला हवं, पण तुमच्या हाती ते पंचाहत्तर-नव्वद दिवसांनी पडतं असं तुम्हीच लिहिलंय. त्या अंतरात कारखाना याच पैशावर उभा असतो.

आणि महिना कोणता निवडलाय, तर जुलै. शिरोलीत कारखाना असणाऱ्याला हे मी सांगावं असं नाही, पण टूरच्या उत्साहात ते मागे पडलंय असं वाटतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. माल आत येईना, बाहेर जाईना. आइसलँडमधले डोंगरातले रस्ते बर्फ वितळल्यावर साधारण जूनच्या उत्तरार्धात उघडायला लागतात आणि सप्टेंबरमध्ये बंद होऊ लागतात. तुमच्या टूरचा हंगाम आणि आपल्या पुराचा हंगाम जवळजवळ एकच आहे. तुम्ही तिकडे नदीतून जीप काढत असताना इकडे सुपरवायझरने मशीनच्या मोटारी वर उचलायच्या की नाही हे कुणाला विचारायचं? आणि त्याच महिन्यात गंगाजळी शून्य असेल तर पगार कशातून होणार?

आता कर्ज. आठ लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता २७,३०० च्या आसपास आणि एकूण व्याज एक लाख चौऱ्याऐंशी हजार. घरखर्च, क्लासची फी आणि एसआयपी जाऊन महिन्याला तीस हजार बाजूला पडतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ही सगळी बचत तीन वर्षं हप्त्यात जाणार, आणि नेमक्या याच तीन वर्षांत लेकीची बारावी, प्रवेश आणि पहिल्या वर्षाची फी येणार. आता तेच २७,३०० रुपये टूरच्या आधी, दोन वर्षं, दर महिन्याला आरडीत टाकून बघा. साडेसहा टक्क्यांनी चोवीस महिन्यांत सुमारे सात लाख होतात (व्याजावरचा कर वेगळा). घरातून जाणारी रक्कम तीच, वर्ष मात्र एक कमी, आणि परत आल्यावर कुणाचं देणं नाही.

सात लाखांत चौदा लाखांची टूर कशी बसेल, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. त्यासाठी ते कोटेशन फोडून बघावं लागेल. तुम्ही जोडलेल्या कागदात जीप आणि गाइडचे दिवसाला १,४०० युरो आहेत. सहा दिवसांचे ८,४००. उरलेले ३,१०० तुमच्या आणि गाइडच्या मुक्कामाचे, जेवणाचे. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश पैसा गाडीचा आहे, आणि गाडीत एक जण बसला काय नि तिघं बसले काय, तो तेवढाच राहतो. तिघं असाल तर गाडीचा वाटा माणशी २,८०० युरो. मुक्काम-जेवण, गाइडचा वाटा धरून, माणशी १,८०० पकडू. झाले ४,६०० युरो. हिशेबाला सोपं म्हणून युरो शंभर रुपये धरला तर चार लाख साठ हजार. विमान, व्हिसा, विमा आणि हातखर्चाला सव्वादोन लाख ठेवले तरी सात लाखांच्या आत बसतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की तुमच्याबरोबर मसाई पठारावर येणारे सांगलीचे दोन मित्रही यायला तयार आहेत, पण यंदा त्यांच्या तारखा जमत नाहीत. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे. त्यांच्या तारखा न जमण्याची किंमत तुम्ही साधारण सात लाख रुपये मोजायला निघाला आहात.

खासगी गाडीच नको, स्वस्तातली बस बघा, असं मात्र मी म्हणणार नाही. फोटोसाठी जाणाऱ्याला बसचे पैसे वाया जातात. आइसलँडमध्ये जूनअखेरीस सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि तीनच्या सुमाराला पुन्हा उगवतो. तिरपा, मऊ उजेड तासन् तास मिळतो तो रात्री, आणि तेव्हा बसचे प्रवासी हॉटेलात झोपलेले असतात. लँडमनालॉगरचे पिवळे-तांबूस रायोलाइटचे (हा एक ज्वालामुखी खडक) डोंगर आणि त्यांना टेकून पडलेला १४७७ सालच्या उद्रेकातला काळाकुट्ट लाव्हा, किंवा मायलिफेलचा काळ्या वाळूतून उठलेला हिरव्यागार शेवाळाचा सुळका, हे भर दुपारी वीस मिनिटं थांबून टिपायचे विषय नाहीत. 'ढग सरकेपर्यंत इथेच थांबू' असं म्हणता येणं, हेच तुम्ही खासगी गाडीत विकत घेता. तिघंही कॅमेरावाले असतील तर ते तिघांनाही तितकंच मिळतं. फक्त गाइडच्या झोपेचं काय, रात्री किती तास गाडी चालेल, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. चालकाला विश्रांती लागतेच, आणि रात्री गाडी मिळणार नसेल तर दिवसाला १,४०० युरो देण्यात अर्थ नाही.

स्वतः गाडी भाड्याने घेऊन चालवायचा पर्यायही तुम्ही विचारलाय. आकड्यात तो सगळ्यात स्वस्त दिसतो. पण तिथल्या एफ-रस्त्यांवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर, फोर बाय फोर गाडी सक्तीची आहे, अनेक ठिकाणी नदीवर पूल नाही, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर ते नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा बसत नाही. ते सगळं तुमच्या खिशातून जाईल. पाण्याचा अंदाज तिथल्या माणसाला असतो. या टूरवर पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

'रस्ता सोडून आत घुसून कुणाकडे नसलेला फोटो काढायचा' असंही तुम्ही लिहिलंय. ते मनातून काढून टाका. आइसलँडमध्ये आखलेला रस्ता सोडून गाडी घालणं कायद्याने गुन्हा आहे, दंड जबर असतो, आणि चाकाखाली गेलेलं शेवाळ भरून यायला कित्येक दशकं लागतात. जाहिरातीत 'ऑफ-रोड' म्हणतात ते या कच्च्या, खडबडीत पण आखून दिलेल्या डोंगरी रस्त्यांना. रस्ता सोडून नेतो म्हणणारा टूरवाला भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

जिवंत लाव्हा बघायला मिळेल या आशेने घाई करत असाल तर तीही नको. रेक्यानेसच्या भागात २०२१ पासून पुन्हा पुन्हा उद्रेक होत आहेत, नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिन्डाविक गाव रिकामं करावं लागलं. पण ते तुमच्या तिकिटाच्या तारखेला होतीलच असं नाही, आणि झाले तर रस्ते बंदही असतील. एप्रिल २०१० मध्ये एयाफ्यालायोकुल या तिथल्याच ज्वालामुखीच्या राखेने युरोपभरची विमानं कित्येक दिवस जमिनीवर होती. म्हणून प्रवास विमा घेताना राखेमुळे विमान रद्द झालं तर काय मिळेल हे थेट विचारा. थंड झालेला लाव्हा तसा आपल्याही पायाखाली आहे. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टवर उभं आहे. जायच्या आधीचे दोन पावसाळे मसाईवर धुकं, ओला काळा दगड आणि वाऱ्यातला ट्रायपॉड यांचा सराव करा. तिकडे नेमकं हेच लागणार आहे.

मग जायचं कधी? माझ्या मते येत्या जुलैच्या पुढे आणखी दोन वर्षांनी, ऑगस्टचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा पहिला. येत्या जुलैत आरडी नुकतीच सुरू झालेली असेल, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लेकीच्या प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतील आणि तेव्हा तुम्ही इथेच हवेत. दोन वर्षांनी ती कॉलेजात रुळलेली असेल. ऑगस्टअखेर आपल्याकडे पुराचा जोर बहुतेक ओसरलेला असतो, तिकडे डोंगरातले रस्ते अजून उघडे असतात, आणि रात्री पुरेशा काळोख्या होऊ लागल्याने आकाश स्वच्छ असेल तर उत्तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. जुलैत तो दिसतच नाही. बर्फ लवकर पडून एखादा रस्ता बंद होण्याचा धोका त्या दिवसांत थोडा वाढतो, तेव्हा 'रस्ता बंद असेल तर बदली मार्ग कोणता आणि पैसे किती परत' हे करारात हवं. गणपतीच्या तारखा मात्र आधी कॅलेंडरमध्ये बघा. घरच्या गणपतीला तुम्ही नाही, हे वहिनींना विचारल्याशिवाय ठरवू नका.

कराबद्दल दोन गोष्टी. ही टूर कारखान्याच्या खर्चात दाखवता येईल का, असं विचारलंय. नाही. धंद्यासाठीच केलेला खर्च धंद्यात धरता येतो, आणि सीएनसी जॉबवर्कचा आइसलँडच्या डोंगरांशी संबंध जोडता येणार नाही. दुसरं, परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ वसूल होणारा कर, लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली आणि १ एप्रिल २०२६ पासून मर्यादा काढून सरसकट २ टक्के दर आला. हे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून पैसे पाठवायच्या दिवशीचा दर विचारून घ्या. ही रक्कम बुडत नाही, रिटर्न भरताना करातून वजा होते किंवा परत मिळते. पण तोवर ती अडकते, तेव्हा तेवढी सोय हाताशी ठेवा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो. फी ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही, आणि किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा. व्हिसा हातात पडेपर्यंत टूरवाल्याला फक्त अनामत द्या. कॅमेऱ्याच्या महागड्या लेन्सा नेताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परत येताना त्या तिकडे विकत घेतल्या का, असा प्रश्न उठणार नाही. प्रवास विम्यात सामानाची मर्यादा फार कमी असते, कॅमेऱ्याचा विमा वेगळा घ्या.

मित्रांशी व्यवहार मात्र लेखी असू द्या, सख्खे असले तरी. तिघांतला एक ऐनवेळी गळाला तर उरलेल्या दोघांचा गाडीचा वाटा २,८०० वरून ४,२०० युरोंवर जातो, म्हणजे प्रत्येकी एक लाख चाळीस हजारांचा फटका. म्हणून अनामत भरतानाच ठरवा: जो मागे हटेल तो एक तर बदली माणूस आणेल, नाहीतर गाडीचा त्याचा वाटा भरेल. व्हॉट्सअॅपवर तिघांनी 'मान्य' लिहिलं तरी चालेल, पण लिहिलेलं हवं.

या आठवड्यात दोनच कामं करा. सांगलीच्या मित्रांना फोन करून दोन वर्षांनंतरच्या त्या पंधरवड्याबद्दल विचारा, आणि टूरवाल्याला तिघांसाठीचं कोटेशन मागवा, त्यात जीप, गाइड, मुक्काम आणि जेवण वेगवेगळं लिहून. आरडी पुढच्या महिन्याच्या पगाराच्या तारखेपासून सुरू करा, शक्यतो वहिनींच्या खात्यातून, कारण कारखान्याच्या खात्यात ठेवलेला पैसा पहिल्याच अडचणीत कच्च्या मालाकडे वळतो. तिघांचं कोटेशन आलं की मला पाठवा, करार आपण बसून वाचू.