आगमनकाळ: नाताळ २५ ला, मग आत्ताच आगमन कुणाचं?

प्रश्न असा होता की शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाने नोव्हेंबर संपता संपताच हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या मांडल्या, पेटवली मात्र एकच, आणि विचारलं तर म्हणाले अ‍ॅडव्हेंट, म्हणजे आगमन. आता नाताळ २५ डिसेंबरला, मग आलं कोण?

अजून कुणीच आलेलं नाहीये :) मी वसईचा, आमच्याकडे चर्चमध्ये याला आगमनकाळच म्हणतात, आणि लहानपणी मलाही हेच कोडं पडायचं. नाव आगमनाचं असलं तरी हे चार आठवडे वाट बघण्याचे.

शब्द लॅटिन, अ‍ॅडव्हेंटस. 'अ‍ॅड' म्हणजे कडे आणि 'व्हेनिरे' म्हणजे येणं. आता गंमत बघा, हे व्हेनिरे आणि आपला संस्कृत 'गम्' धातू मुळात एकाच घरातले, इंग्रजी 'कम'सुद्धा त्यांचाच भाऊबंद, त्यामुळे ज्याने कुणी मराठीत 'आगमन' केलं त्याच्या हातून नकळत नात्यातलाच शब्द निवडला गेला. (नाताळ मात्र सरळ पोर्तुगीज 'नाताल'वरून घेतलाय.) रोमन लोकांत अ‍ॅडव्हेंटस म्हणजे बादशहा वाजतगाजत शहरात शिरायचा तो सोहळा, त्याची नाणीसुद्धा पाडायचे. मुंबईत गणपतीचे आगमन सोहळे बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पुढे लॅटिन बायबलात ख्रिस्त पुन्हा येणार त्यालाही हाच शब्द आला. म्हणून या काळात वाट दोन आगमनांची: एक बेथलेहेममध्ये होऊन गेलं त्याची आठवण, दुसरं व्हायचंय. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत भर दुसऱ्यावर असतो आणि १७ पासून जन्माच्या तयारीवर, त्यामुळे पहिल्या रविवारी गोठ्यातल्या बाळाची गोष्ट ऐकायला गेलेला माणूस 'जागे राहा, तयार राहा' ऐकून जरा दचकतोच.

तारखेचं म्हणाल तर ३० नोव्हेंबर, म्हणजे संत आंद्रियाचा सण, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार धरायचा, तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यात कुठेही पडतो. रविवार चारच, पण आठवडे पूर्ण भरतीलच असं नाही. २०२२ ला २७ नोव्हेंबरला सुरू झाला, पूर्ण २८ दिवस मिळाले, आणि २०२३ ला ३ डिसेंबर, म्हणजे चौथा रविवार २४ लाच आला, सकाळी आगमनकाळाची शेवटची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रात्री नाताळची, गायकवृंदाचे हाल विचारू नका. दुकानात खिडक्याखिडक्यांचं चॉकलेटचं कॅलेंडर मिळतं ते १ डिसेंबरपासून असतं कारण ते दरवर्षी छापायला सोपं, चर्चच्या हिशोबाशी त्याचा संबंध नाही. पश्चिमेकडच्या चर्चचं नवीन वर्षही याच पहिल्या रविवारी सुरू होतं, १ जानेवारीला नाही.

ते मेणबत्त्यांचं चक्र तसं अलीकडचं आणि मूळ प्रोटेस्टंट. हँबुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे, पोरं रोज विचारणार नाताळ कधी, म्हणून त्यांनी १८३९ मध्ये लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. पुढे त्यातल्या रविवारच्या चारच राहिल्या, दर रविवारी एक वाढवायची, म्हणून शेजाऱ्यांनी सुरुवातीला एकच पेटवली.

फादरांची वस्त्रं या काळात जांभळी असतात आणि रविवारी ग्लोरिया म्हणत नाहीत, कारण ते देवदूतांचं जन्माच्या रात्रीचं गाणं, ते आधीच गाऊन कसं चालेल? फक्त तिसऱ्या रविवारी, ज्याला गाउदेते म्हणजे 'आनंद करा' म्हणतात, गुलाबी रंग चालतो. त्या दिवशी शेजाऱ्यांकडे डोकावलात तर बहुतेक गुलाबी मेणबत्ती पेटलेली दिसेल. आत्ताच हॅपी ख्रिसमस म्हणालात तर कुणी रागवणार नाही, मॉलवाले नोव्हेंबरपासूनच म्हणतात, पण खरं तर नाताळकाळ २५ ला संपत नाही, तिथून सुरू होऊन जानेवारीत जातो, त्यामुळे २७-२८ ला शुभेच्छा द्यायला गेलात तरी उशीर झाला असं समजू नका, वर कलकलही (नाताळच्या फराळातला तळलेला गोड पदार्थ) शिल्लक असतील.