पांढऱ्या घोड्यांची काळी शिंगरे

प्रश्न : व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझान घोड्यांची कसरत पाहिली. सारे घोडे पांढरेशुभ्र आणि त्यांत एकच तपकिरी. पुढे पीबरच्या पागेत गेलो, तर पांढऱ्या घोड्यांबरोबर काळीकुट्ट शिंगरे! हे सगळे एकाच जातीचे कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एकाच जातीचे, आणि काळे शिंगरू हा तर या जातीचा नित्याचा प्रकार आहे. लिपिझानचे शिंगरू जन्मतः काळे किंवा गडद तपकिरी असते आणि साधारण सहा ते दहा वर्षांच्या काळात केसांतील रंग ओसरत जाऊन ते पांढरे होते. केसांखालची कातडी मात्र काळीच राहते. आपल्याकडे वरातीत दिसणारा नुकरा घोडा याच्या अगदी उलट असतो, कारण तो जन्मतःच पांढरा आणि कातडीने गुलाबी असतो. लिपिझानचे पांढरेपण म्हणजे खरे तर लवकर पिकलेले केसच.

हे केस पिकवणारा जनुकीय बदल प्रभावी असल्याने आईबापांपैकी एकाकडून मिळाला तरी पुरतो. दोघांकडे त्याची एकेकच प्रत असेल, तर चारांपैकी एका शिंगराला तो न मिळण्याची शक्यता राहते आणि असे शिंगरू मोठेपणीही तपकिरीच दिसते. आपण पाहिलेला तो एकटा घोडा असाच असावा. असा एक तरी घोडा पदरी असणे शुभ, अशी त्या शाळेची जुनी समजूत आहे. पांढऱ्याचा एवढा हट्ट धरणाऱ्यांनी शकून मात्र तपकिरी घोड्यात पाहावा, याची गंमत वाटते.

हा हट्ट मुळात दरबारी. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक दुसरा चार्ल्स याने १५८० मध्ये आजच्या स्लोव्हेनियातील लिपिका येथे स्पॅनिश घोडे आणून पैदास सुरू केली. जातीला नाव मिळाले ते या गावावरून, आणि शाळेच्या नावातला ‘स्पॅनिश’ शब्द आला तो त्या घोड्यांवरून. सुरुवातीच्या काळात या घोड्यांत पुष्कळ रंग होते. पुढे सम्राटाच्या घराण्याला पांढरा रंग पसंत पडल्याने पैदाशीसाठी तेच घोडे निवडले जाऊ लागले. तेव्हा जात ओळखावी ती रंगावरून नव्हे, वंशावळीवरून. प्लूटो, कॉन्व्हर्सानो, फावोरी, नेआपोलितानो, सिग्लावी आणि माएस्तोसो हे सहा जुने पितृवंश असून वळू घोड्याच्या जोडनावात पहिले नाव वंशाचे, तर दुसरे त्याच्या आईचे असते.

प्रश्न : या घोड्यांना हवेत उड्या मारायला भाग पाडतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घोडे मोकळ्या कुरणातही मागच्या पायांवर उभे राहतात आणि लाथा झाडतात, चाबुकस्वार हीच हालचाल लगामाखाली आणून तोलून-मापून करवून घेतो. लेव्हाद या प्रकारात मागचे पाय वाकवून घोडा पुढचे अंग उचलून धरतो, कूर्बेतमध्ये तो मागच्या पायांवरच उड्या घेत पुढे जातो, तर काप्रिओलमध्ये चारही पाय जमिनीवरून सुटल्यावर मागे लाथ झाडतो. प्रत्येक घोड्याला प्रत्येक उडी शिकवत नाहीत. ज्याचा जिकडे उपजत कल आणि ज्याच्या मागच्या पायांत तेवढे बळ, त्याच्याकडून तेच करवून घेतात. शिक्षण चौथ्या वर्षाच्या आसपास सुरू होते आणि घोडा पूर्ण तयार व्हायला सहा वर्षे सहज लागतात. वयाची विशी ओलांडलेले घोडेही तेथे कसरतीत उतरतात, आणि घाईने, बळजबरीने तयार केलेल्या घोड्याचे पाय इतकी वर्षे टिकत नाहीत.